नऊ वर्षं "चावून खा" म्हटलं, आता म्हणतोय "गिळ"

पत्र असं आहे:

"मावशी, नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. दीड वर्षापूर्वी त्याला पहिल्यांदा फिट आली, तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएटचं सिरप चालू होतं. आता वजन वाढलं, डोस वाढला म्हणून डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सीआर 300 ची गोळी दिली, सकाळी एक रात्री एक. तेव्हापासून घरात रोज दोनदा महाभारत. तो गोळी तोंडात ठेवतो, पाणी पितो, पाणी जातं आणि गोळी जिभेवर तशीच. मग ती विरघळायला लागली की उमासे. दोनदा सगळं जेवण बाहेर आलं. सासूबाई म्हणतात त्याचा घसाच बारीक आहे. ह्यांचं म्हणणं नाक दाबून घाल. एकदा घातली पण, इतका ठसका लागला की मीच रडले. आता आठ दिवस झाले मी दोन चमच्यांमध्ये गोळी कुटून जॅममधून देतेय. काल मैत्रीण म्हणाली ही गोळी कुटायची नसते. खरंय का? धाकटी तीन वर्षांची आहे, ती हे सगळं टकामका बघत असते. — दमलेली आई, नाशिक"

अगं, मैत्रीण बरोबर बोलतेय. पण आधी एक श्वास घे, कारण घाबरून तू आज रात्रीचा डोसच चुकवलास तर ते त्याहून वाईट. फिटचं औषध असं अचानक बंद झालं की फिट यायची भीती असते, त्यामुळे आज रात्रीच्या आत डॉक्टरांना फोन, बाकी सगळं नंतर.

फोनवर काय सांगायचं ते पण सांगते, कारण मला माहितीये आपण डॉक्टरांसमोर गेलो की निम्मं विसरतो आणि निम्मं लाजून सांगत नाही. सरळ सांग, डॉक्टर, सीआर गोळी त्याला गिळता येत नाहीये, आठ दिवस मी कुटून दिली, दोनदा उलटी झाली, त्याला गोळी गिळायला शिकवायला मला दोन-तीन आठवडे द्या, तोपर्यंत परत सिरप चालेल का आणि किती एमएल, किती वेळा. हे "किती वेळा" नक्की विचार, कारण सिरप आणि सीआर गोळी दोन्ही त्याच औषधाचे असले तरी ते पोटात एकसारखे वागत नाहीत. उलटी झाली तर डोस परत द्यायचा का, तेही विचारून घे, ते किती वेळाने उलटी झाली आणि त्यात गोळी दिसली का त्यावर असतं, आपल्या मनाने दुसरी गोळी द्यायची नाही. आणि सिरप देताना घरातला चमचा नको गं, बाटलीबरोबर टोपण किंवा सिरिंज येते त्यानेच माप.

सीआर म्हणजे काय ते पटकन सांगते. मी बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे काढली, आणि "मॅडम जरा पावडर करून द्या ना" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. साध्या पॅरासिटामॉलची पूड केली तर कडू लागेल इतकंच. पण नावापुढे सीआर, एसआर, ईआर, एक्सआर, एमआर असली अक्षरं असली की ती गोळी हळूहळू औषध सोडायला बनवलेली असते, ठिबक सिंचनासारखी. नाशिकची आहेस म्हणजे ठिबक तुला सांगायला नको. तू ती कुटलीस की ठिबक जाऊन पाट फोडल्यासारखं होतं, सगळं औषध एकदम रक्तात आणि मग पुढचा डोस यायच्या आत ओसरलेलं. एकदम चढलं तर मुलगा पेंगतो, मळमळतो, आणि ओसरलं की फिट थांबवायला पुरेसं राहत नाही. काही गोळ्यांना वरून असं कोटिंग असतं की त्या पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळाव्यात, त्याही कुटायच्या नाहीत. गोळीवर मधोमध रेघ असेल तर काही सीआर गोळ्या अर्ध्या करता येतात, पण अर्धी करणं वेगळं, पूड करणं वेगळं, आणि तुझी कोणती ते स्ट्रिप दाखवूनच विचारायचं. आठ दिवस तू दिलीस, झालं ते झालं, तू काही मुद्दाम केलं नाहीस आणि हे तुला स्ट्रिप देताना कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता मुलाकडे येऊ.

सासूबाईंना सांग, घसा बारीक नाहीये. तो वरणभाताचा घास गिळतो ना? तो घास गोळीच्या कितीतरी पट मोठा असतो. (हां, जर त्याला जेवतानाही सारखा ठसका लागत असेल, घास अडकतो असं म्हणत असेल, पातळ पिताना खोकला येत असेल तर मात्र ही सगळी माझी बडबड बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखव, मग सराव वगैरे.) अडचण घशात नाही, सवयीत आहे. विचार कर, या पोराला आपण नऊ वर्षं काय शिकवलं? नीट चावून खा. बत्तीस वेळा चाव. बोराची बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल. सीताफळाची बी तोंडातून शोधून बाहेर काढ. आणि एक दिवस अचानक त्याच्या हातात बीपेक्षा मोठी, टणक, कडू वस्तू देऊन म्हणतो, न चावता गिळ. तो कशाला गिळेल? त्याचं तोंड अगदी शिकवल्याप्रमाणे वागतंय, टणक वस्तू बाजूला काढून ठेवतंय आणि पाणी आत सोडतंय. त्यात आणि शाळेत जंतांची गोळी मिळते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, अल्बेंडाझोल 400, ती बाई समोर उभं राहून चावून खायला लावतात, आणि ते बरोबरच आहे, ती चावायचीच असते. मग त्याच्या डोक्यात गोळी म्हणजे चावायची हेच पक्कं बसलं तर त्याचा काय दोष?

म्हणून माझं एकच सांगणं आहे, औषधाची वेळ ही शिकायची वेळ नाही. रात्री साडेआठला, जेवण झालेलं, झोप आलेली, बाबा घड्याळ बघतायत, आजी "अगंबाई" करतेय, आई हातात ग्लास घेऊन उभी, आणि चुकली तर फिट येईल ही भीती सगळ्यांच्या चेहऱ्यावर, अशात मला पण गोळी गिळता येणार नाही. सायकल कुणी हायवेवर शिकवतं का? तर सिरपची मुदत मिळाली की सराव वेगळा, वेगळ्या वेळी आणि औषधाशिवाय.

नाक दाबणं आजपासून बंद. नाक दाबलं की तोंड उघडतं हे राजकारणात ठीक आहे, पोराच्या बाबतीत नाही, कारण तोंड उघडतं ते श्वास घ्यायला, आणि त्या श्वासाबरोबर पाणी-गोळी श्वासनळीत जाऊ शकते. तुला जो ठसका दिसला तो तोच. लपवणं पण नको. मी माझ्या लेकीला तिच्या सहाव्या वर्षी केळ्यात गोळी लपवून दिली होती, मोठी हुशारी वाटली होती मला. ती तिच्या दाताखाली आली. त्यानंतर त्या मुलीने बारावीपर्यंत केळ्याला हात लावला नाही, आणि बरीच वर्षं मी काहीही दिलं की आधी उलटंपालटं करून बघायची. सांगून, त्याच्या डोळ्यांदेखत दह्यातून किंवा केळ्यातून दिली तर गोष्ट वेगळी, त्यावर येते पुढे.

सराव कशाने करायचा? गोडाच्या गोळ्यांनी, अगदी बारीकपासून सुरू करून. केकवर टाकतात ते रंगीत स्प्रिंकल्स, बेकरीचं सामान मिळतं तिथे दहा-वीस रुपयांत पुडी मिळते, त्यातला एकच दाणा पहिल्या दिवशी. मग होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्या असतात ना, औषध न घातलेल्या नुसत्या साखरेच्या, त्या. मग हॉटेलात बिलाबरोबर येते ती रंगीत बडीशेप. मग टिकटॅक. शेवटी जेम्स. जेम्स गेली की तुझ्या गोळीची काय बिशाद. मी संक्रांतीचा हलवा पण करून बघितला होता एकदा, खसखशीचा, साबुदाण्याचा असे आकार चढत जातात म्हणून, पण काटा जिभेला टोचतो, तो नको. शेंगदाणे, फुटाणे, लिमलेटच्या गोळ्या अजिबात नकोत, त्या अडकल्या तर विरघळत नाहीत लवकर. साखरेच्या वस्तूचा हाच फायदा, घशात रेंगाळली तरी थोड्या वेळात पाणी होते, आणि हे त्यालाही सांग, तोंडात जेम्स धरून ठेवायला लाव, बघ कशी पातळ होतेय, म्हणजे अडकेल ही भीती निम्मी जाते.

वेळ संध्याकाळची, शाळेतून येऊन खेळून झाल्यावर, पोट थोडं भरलेलं पण तुडुंब नाही. दहा मिनिटं, जास्त नाही. फिट येऊन गेलेल्या दिवशी नाही, पेंगत असेल, सर्दीने नाक चोंदलं असेल, घसा दुखत असेल तेव्हा नाही. खुर्चीत ताठ बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, टीव्ही बंद. सोफ्यावर लोळत नाही. आणि तू समोर बसून तूही गिळायची, नुसतं शिकवायचं नाही. तुझ्यासमोर वाटीत तुझे दाणे, त्याच्यासमोर त्याचे. बाबा आणि आजी त्या वेळेला दुसऱ्या खोलीत, त्यांना प्रेमाने पाठव पण पाठव.

आधी नुसतं पाणी, एक घोट, घसा ओला करायला. मग दाणा जिभेच्या मधोमध, जरा मागच्या बाजूला, पण अगदी घशाशी नाही, तिथे बोट गेलं की उबळ येणारच. त्याने स्वतः ठेवायचा, तू नाही. मग पाण्याचा बऱ्यापैकी मोठा घोट. इथे बहुतेक मुलं चुकतात, घाबरून पाणी एवढंस्सं घेतात, चिमणीसारखं, आणि एवढ्याशा पाण्याने गोळी हलतच नाही. गाल फुगतील इतकं पण नको. मग गटकन. दाणा गेला का राहिला याकडे लक्ष न देता, पाणी प्यायचंय असं म्हणून प्यायचं. पहिल्या दिवशी तो स्प्रिंकल कुठे गेला तेच त्याला कळणार नाही, "आई, गेला का?" असं विचारेल आणि जीभ बाहेर काढून दाखवेल. तिथे खरी गंमत सुरू होते.

एक आकार ओळीने पाच वेळा गेला की पुढचा आकार. दोनदा नाही गेला की एक पायरी खाली, तिथला एक गिळायचा, आणि त्या दिवसापुरतं बंद. रोजचा शेवट गिळलेल्या दाण्यावर झाला पाहिजे, राहिलेल्यावर नाही. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे, माझ्या भाच्याला टिकटॅकवर आठ दिवस अडकून बसावं लागलं आणि मग एका संध्याकाळी टिकटॅक आणि जेम्स दोन्ही गेली. रागवायचं नाही, "धाकटी बघ कशी" तर अजिबात म्हणायचं नाही. टिकटॅक त्याने चावून खाल्ली तर हसायचं, ती त्याची बक्षिसी.

मान. आपल्याकडे सगळे काय सांगतात, "वर बघ, आ कर, टाक मागे." हे सोडून दे. डोकं मागे टाकलं की गिळायलाच अवघड जातं, तू आत्ता करून बघ, छताकडे बघत नुसती थुंकी गिळून बघ. सरळ बघून, किंचित खाली बघून, थोडं बाजूला वळून, असं स्प्रिंकलच्याच पायरीवर सगळं करून बघायचं आणि त्याला कुठली पोझिशन सोपी जाते ते त्याने ठरवायचं. "माझी स्टाईल" म्हणून सांगू दे मित्रांना.

गोळी आणि कॅप्सूल यांची तऱ्हा पण वेगळी असते. गोळी पाण्यात बुडते, कॅप्सूल हलकी असते, तरंगते. म्हणून कॅप्सूलला हनुवटी छातीकडे झुकवायची, म्हणजे तरंगत ती आपोआप घशाच्या बाजूला येते. आणि गोळीसाठी मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीची युक्ती, आपली बिसलेरीची असते तसली दाबली जाणारी, शाळेची स्टीलची नाही. गोळी जिभेवर, ओठ बाटलीच्या तोंडाला घट्ट, आणि ओढून प्यायचं, हवा आत न जाऊ देता, बाटली आत चेपली पाहिजे. जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठातल्या लोकांनी 151 मोठ्या माणसांवर हे करून बघितलं आणि 2014 मध्ये छापलं, बाटलीने गोळ्या जवळपास 60 टक्के वेळा आणि झुकण्याने कॅप्सूल जवळपास 89 टक्के वेळा आधीपेक्षा सोप्या गेल्या. ती मोठी माणसं होती, लहान मुलं नव्हती, पण नऊ वर्षांच्या मुलाला बाटली चेपायला आवडतेच. आधी नुसत्या पाण्याने, मग टिकटॅकने. काहींना स्ट्रॉने ओढणं पण जमतं.

पाण्याने नाहीच जमलं तर घट्ट पदार्थ. चमचाभर दही, श्रीखंड, आमरस, कुस्करलेलं केळं, त्यावर गोळी अख्खी, आणि तो चमचा न चावता गिळायचा, वर पाणी. बऱ्याच मुलांना पाण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण पाणी पुढे पळून जातं आणि गोळी मागे राहते, श्रीखंड तिला सोबत घेऊन जातं. पण हे सगळ्या औषधांना चालत नाही, लोहाची गोळी, थायरॉईडची, डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन असल्या औषधांना दूध-दही आडवं येतं, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. तुझ्या गोळीचंही विचार त्याच फोनमध्ये.

ठसका लागला तर? तो खोकतोय, बोलतोय, रडतोय म्हणजे हवा जातेय, त्याला पुढे वाकून खोकू दे, पाणी पाजू नकोस, पाठीवर धपाटे घालू नकोस, तोंडात बोट घालू नकोस. पण आवाजच निघत नाहीये, खोकता येत नाहीये, तर मात्र पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर झटका, परत थापा, असं आलटूनपालटून, आणि कुणाला तरी 108 लावायला सांग. स्प्रिंकलने हे होणार नाही, पण घरात दोन मुलं आहेत, हे माहीत असलेलं बरं. आणि आठवण म्हणून सांगते, फिट चालू असताना तोंडात काहीही नाही, गोळी नाही, पाणी नाही, चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवणं तर नाहीच. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ 108.

जेम्स जाऊ लागली की मग डॉक्टरांना विचारून खरी गोळी. पहिली खरी गोळी शक्यतो सुट्टीच्या दिवशी सकाळी दे, रविवारी, घाई नसताना. स्ट्रिपमधून त्यानेच काढू दे. कोटिंग गुळगुळीत असेल तर ती टिकटॅकसारखीच जाईल, फक्त तोंडात धरून बसू द्यायचं नाही, कारण कडवटपणा सुटला की तो सगळं विसरेल, जीभ आणि लगेच पाणी. नाही गेली तर पाच मिनिटं थांबून अजून एकदाच. तरी नाही गेली तर त्या दिवशी सिरप, भांडण न करता. म्हणून सिरपची बाटली संपवून टाकू नकोस. आणि समजा महिन्याभराने पण नाहीच जमलं, तर डॉक्टरांना दुसरा मार्ग विचार, काही औषधं पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत मिळतात, काहींची कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ अन्नावर घालून न चावता देता येतात. त्याच्या बाबांना हे आत्ताच सांगून ठेव, म्हणजे पोराला नाही जमलं की जगबुडी झाली असा चेहरा होणार नाही.

धाकटीचं राहिलं. तीन वर्षांच्या मुलीला हा खेळ अजिबात नको, चार वर्षांच्या आत ह्या सगळ्या वस्तू घशात अडकायच्या आहेत, आणि ती दादाचं बघून करणारच, तेव्हा सराव ती झोपलेली असताना किंवा आजीबरोबर खाली गेलेली असताना. आजीला पाठवायला बरं कारण मिळालं बघ. सरावाचं पाकीट वेगळ्या डब्यात, औषधाच्या खोक्यात कधीच नाही, आणि दोघांपैकी कुणालाही औषधाला "चॉकलेट" म्हणायचं नाही, मोठ्याला पण नाही. स्प्रिंकलची पुडी त्याच्या नावाची, पण फळी तुझ्या हाताच्या उंचीची.